अणुवीज की कोळसा: आधी काय बंद व्हायला हवं?

खिडकीतून_चेंबूर | सोमवार, रात्री ९:४०

रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी बाल्कनीचा कठडा ओल्या फडक्याने पुसते. फडकं काळं होतं. नुसती धूळ असती तर ते करडं झालं असतं. हे काळं आहे आणि दोन बोटांत चोळलं की तेलकट लागतं. पावसाचे महिने सोडले तर यात खंड नाही. आमच्या आसपास काय नाही? तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, खताचा कारखाना आहे, वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आहेत, रात्रभर टँकर धावतात, पलीकडे देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे. फडक्यावरची काजळी नक्की कुठली ते मला सांगता येणार नाही, म्हणून कुणा एकाचं नावही घेत नाही. माझ्या धाकट्याला तिसरीत असताना श्वासाचा पंप लागला. आता तो दहावीत आहे आणि पंप अजून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो.

त्याच खिडकीतून ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्यापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आशियातली पहिली म्हणून ओळखली जाणारी 'अप्सरा' ही अणुभट्टी तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. नंतर 'सायरस', मग 'ध्रुव'. म्हणजे चेंबूर-मानखुर्दची माणसं तीन पिढ्या अणुभट्टीशेजारी राहत आहेत.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात अणुविखंडन शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढ्या जवळ अणुभट्टी आहे, तुम्हाला भीती नाही वाटत?" प्रश्न रास्त होता. पण तिच्या दप्तरातही पंप आहे हे मला माहीत होतं, आणि कोळशाची भीती वाटते का हे वर्गात आजवर कुणीच विचारलेलं नाही. मी थातूरमातूर उत्तर दिलं आणि तास संपवला. ते अजून सलतंय, म्हणून हा धागा.

त्या रात्री घरी बसून हिशेब मांडला. ५०० मेगावॉटचा कोळशावरचा एक संच. आयात कोळसा धरला तर युनिटला साधारण अर्धा किलो. दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर १ कोटी २० लाख युनिट, म्हणजे ६,००० टन कोळसा. मालगाडीचे शंभर डबे, रोज. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड दिवसाला दहा हजार टनांच्या घरात. आता तारापूर अणुवीज केंद्राचा तिसरा किंवा चौथा संच घ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉट. त्याला दिवसाला लागणारं युरेनियम पाव टनाच्या आसपास. युरेनियम इतकं जड असतं की तेवढ्या इंधनाने दोन बादल्या जेमतेम भरतील. मी तीनदा ताळा करून पाहिला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

खाणीपासून राखेपर्यंत सगळं धरून आयपीसीसीने (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१४ मध्ये दिलेले मधले आकडे असे: युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुवीज १२. आणि मृत्यू? दर १०० कोटी युनिट विजेमागे, अपघात आणि प्रदूषण दोन्ही धरून, कोळशाचे सुमारे २५ आणि अणुविजेचे ०.०३. यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरलेले आहेत.

माझं म्हणणं एवढंच की अणुविजेची तुलना आपण नेहमी 'काहीच धोका नसलेल्या' विजेशी करतो, आणि तशी वीज आज या शहरात येत नाही. तुलना करायची तर बाल्कनीच्या कठड्यावर जे बसतं त्याच्याशी करा. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तिथली लिग्नाइटची, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाची, वीजकेंद्रं चालूच होती. मला हा क्रम उलटा वाटतो. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

नीलाक्षी | सोमवार, रात्री १०:०५

शंभर डबे आणि दोन बादल्या, हे वाचून गप्प झाले. पण चेर्नोबिल म्हटलं की पोटात गोळा येतोच. सरासरीने मनाचं समाधान होत नाही. कुणी जाणकार आहे का इथे?

सायंतारा | सोमवार, रात्री ११:३०

मी छत्तीस वर्षं ट्रॉम्बेला नोकरी केली, आता अणुशक्तीनगर सोडून बदलापूरला राहतो. माझी बाजू कुठली असेल हे उघड आहे, ते ध्यानात ठेवूनच वाचा.

आधी मॅडमची एक दुरुस्ती. ट्रॉम्बेच्या भट्ट्या संशोधनासाठी आहेत, त्यांतून वीज होत नाही. सायरसची उष्णता ४० मेगावॉट, ध्रुवची १००. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचात याच्या सतरा-अठरा पट उष्णता तयार होते. त्यामुळे 'आम्ही सत्तर वर्षं शेजारी राहिलो, काही झालं नाही' हा ट्रॉम्बेबद्दलचा पुरावा आहे. मोठ्या वीजकेंद्राबद्दल बोलायचं तर तारापूरचा दाखला द्यावा लागेल. तिथले पहिले दोन संच १९६९ पासून चालले आणि अनेक वर्षं त्यांची वीज देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत मोडत होती. २०२० मध्ये ते मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले.

नीलाक्षीताई, भीतीबद्दल. आमच्या छातीवर एक बिल्ला असायचा. सकाळी आत जाताना फळीवरच्या आपल्या नंबरच्या खिळ्यावरून काढून लावायचा, निघताना परत तिथेच अडकवायचा. त्यात एक छोटी चकती असते, ती किरणोत्सार साठवून ठेवते. ठरावीक काळाने बिल्ले तपासणीला जात आणि प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लागे. बाहेर पडताना एका यंत्रावर उभं राहून दोन्ही पंजे खाचांत घालावे लागत; हिरवा दिवा लागला तरच दार. माझ्या हाताखालच्या एका पोराच्या बुटाला एकदा काही लागलं होतं. दिवा लाल झाला. बूट तिथेच ठेवून तो अनवाणी घरी गेला, आणि त्या बुटाचं पुढे काय केलं याची चार ओळींची नोंद वहीत झाली.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. किरणोत्सार मोजता येतो, अगदी थोडा असला तरी, आणि आमच्याकडे तो माणसागणिक मोजला जातो. चिमणीच्या धुराचा बिल्ला कुणी कुणाच्या छातीवर लावलाय? निसर्गातूनच प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सार मोजायचं माप) मिळतात. अणुकेंद्रामुळे बाहेरच्या माणसाला त्यावर वर्षाला १ पेक्षा जास्त मिळता कामा नये, ही मर्यादा आहे.

चेर्नोबिलच्या भट्टीत दोन मोठे दोष होते. पाणी कमी झालं की तिची शक्ती घटण्याऐवजी वाढायची, आणि तिच्यावर भक्कम काँक्रीटचं कवच नव्हतं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री एका चाचणीसाठी सुरक्षेच्या यंत्रणा बंद ठेवल्या होत्या. पहिल्या काही आठवड्यांत तीसेक माणसं गेली. सर्वाधिक किरणोत्सार झालेल्या लोकांत पुढे कर्करोगाने ४,००० पर्यंत मृत्यू होतील असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ मध्ये दिला. आपल्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजनपासून बनलेलं पाणी वापरणाऱ्या) भट्ट्यांना कवच आहे. आपल्याकडे काहीच घडलं नाही असंही नाही. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुकेंद्रात टर्बाइनला आग लागली आणि सगळी वीज गेली. लोकांनी हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टी आटोक्यात ठेवली. किरणोत्सार बाहेर गेला नाही. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुकेंद्रात पंपघरात पाणी शिरलं आणि चालू असलेला संच सुरक्षित बंद झाला. नरोऱ्याच्या त्या रात्रीबद्दल आम्ही नंतर कितीतरी वर्षं बोलत होतो.

गुणाकार | मंगळवार, सकाळी ८:५०

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर. माझी अडचण सुरक्षिततेची नाही. ती पैशाची आणि वेळेची आहे, आणि हवामानाच्या प्रश्नात वेळ हीच खरी किंमत आहे.

जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या ठरल्या, एकूण ९,९०० मेगावॉट. त्याच बनावटीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. ती २०१२ मध्ये सुरू व्हायची होती. ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ ला. खर्चाचा पहिला अंदाज ३.३ अब्ज युरो होता, तो १३ अब्जांच्या पुढे गेला. फिनलंडची याच बनावटीची ऑल्किलुओटो २००५ ला सुरू केली, नियमित वीज एप्रिल २०२३ ला. ज्यांनी ही भट्टी घडवली त्यांच्या घरची ही कथा आहे.

आपल्याकडे सांगितलं गेलं होतं की २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट अणुवीज होईल. मग २०२० पर्यंत २०,००० म्हणाले. आज सगळी मिळून आठ हजारांच्या वर आहे, देशाच्या विजेच्या साधारण ३ टक्के. आता २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉटचं लक्ष्य आहे, २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. मी बँकेत प्रकल्पकर्जं पाहतो. बारा वर्षं पैसा अडकून एक रुपया परत येत नसेल तर बांधकामाचा खर्च बाजूलाच राहतो, व्याजच प्रकल्प खाऊन टाकतं. आणि त्या बारा वर्षांत तुमच्या खिडकीसमोरची चिमणी चालूच राहते. तेच पैसे लवकर उभं राहणाऱ्या कशात घातले तर कोळसा लवकर हटेल.

छतावर_सूर्य | मंगळवार, सकाळी ९:३०

गुणाकार, सहमत. देशात सौरऊर्जेने जानेवारी २०२५ मध्ये १ लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. लिलावांत युनिटला अडीच रुपयांच्या आसपास भाव लागलेत. जमीन ताब्यात असली तर वर्ष-दीड वर्षात प्रकल्प उभा राहतो.

पण मुंबईच्या गच्च्यांबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज आहे, आणि मी पॅनेल बसवायचाच धंदा करतो म्हणून तो मीच दूर केलेला बरा. घाटकोपरला एका सोसायटीत गेलो होतो. १०४ फ्लॅट. गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली, डिश अँटेना, आणि पूर्वेला नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरची दुपारपर्यंत सावली. टेपने मोजून उन्हाची जागा भरली २,००० चौरस फूट. त्यावर २० किलोवॉट बसले. दिवसाला सरासरी ८० युनिट. १०४ ने भागा: घरटी एक युनिटसुद्धा नाही. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतात आणि सोसायटीचं बिल निम्म्यावर आलं, लोक खूश आहेत. पण घरातला एसी त्यावर चालणार नाही. उभ्या वाढलेल्या शहराची वीज बाहेरूनच येणार.

रातपाळी | मंगळवार, दुपारी ३:१५

आत्ताच उठलो. ग्रिडच्या नियंत्रण कक्षात काम करतो, कुठे ते लिहीत नाही. गेली पंधरा वर्षं निम्म्या रात्री समोरच्या आकड्याकडे बघत काढल्या आहेत. तो आकडा म्हणजे ग्रिडमधल्या विजेची वारंवारता, ती ५० हर्ट्झच्या जवळ राहायला हवी. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की ४९.९, ४९.८ असा उतरायला लागतो, तेव्हा चहा तसाच राहतो.

मे महिन्यात मुंबईची मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते. पूर्वी रात्री अकरानंतर ती झरझर खाली यायची. आता मेमध्ये मध्यरात्रीही हटत नाही, कारण घरोघरी बेडरूममध्ये एसी आहे आणि रात्र पूर्वीसारखी गार होत नाही. त्या वेळी सूर्य नसतो. ही मागणी आज चंद्रपूर-कोराडीकडचा कोळसा, डहाणू-ट्रॉम्बेचा कोळसा आणि तारापूर यांच्यावर भागते. भिरा, भिवपुरी, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांचं पाणी हे आमचं हुकमी पान: मागितलं की मिनिटांत वीज. पण ते पुरवून वापरावं लागतं, धरणात मोजकंच असतं. अणुकेंद्राचं उलट. ते एका सुरात चालतं, वर-खाली करत नाही, पण अखंड चालतं. कर्नाटकातल्या कैगाच्या अणुकेंद्राचा पहिला संच २०१८ मध्ये थांबला तेव्हा सलग ९६२ दिवस चालून थांबला होता. रात्री दोनला असा एक आकडा हलत नाही, याचं मोल बिलात दिसत नाही.

आता चेंबूरच्या ताईंसाठी एक गोष्ट, जी या वादात सहसा कुणी बोलत नाही. शहरातल्या चिमण्या चालू राहण्याचं एक कारण 'आयलंडिंग' आहे. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबई आपोआप त्यापासून सुटी व्हावी आणि जवळच्या केंद्रांवर तगून राहावी, अशी ती सोय. लोकल, रुग्णालयं, पाण्याचे पंप तिच्यावर टेकलेले. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्या गेल्या, शहर सुटं व्हायला हवं होतं, ते टिकलं नाही आणि सगळं शहर अंधारात गेलं. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं रुळांवरून चालत निघाली. कोविडचे दिवस होते. त्या दिवसानंतर शहरातलं केंद्र बंद करू या असं कोण म्हणेल?

म्हणून तारापूरला किंवा जैतापूरला उद्या दहा भट्ट्या झाल्या तरी तेवढ्याने तुमच्या कठड्यावरची काजळी जाणार नाही. आधी शहरात वीज आणणाऱ्या तारा हव्यात. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची (४ लाख व्होल्टची) वाहिनी त्यासाठीच, २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. कितीतरी वर्षं रखडली होती. आणखी हव्यात, आणि शहरात मोठ्या बॅटऱ्या हव्यात. अणुविजेला माझा पाठिंबाच आहे. पण भांडायचंच असेल तर तारांसाठीही भांडा.

नीलाक्षी | मंगळवार, दुपारी ३:४०

१२ ऑक्टोबरला माझे सासरे घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. पाठबळाचा सिलिंडर होता म्हणून निभावलं. ती दुपार आठवली.

दर्यावर | मंगळवार, रात्री ९:१०

मी साखरी नाट्याचा. आता ससून डॉकला असतो, घर गावीच. जैतापूरचा प्रकल्प जिथे व्हायचा ते माडबन आमच्या समोर.

इथे सगळे आकडे देताहेत, चांगलं आहे. पण आमच्याकडे आकडे घेऊन कुणी आलंच नाही हो. आले ते नकाशे घेऊन. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा झालं, आम्ही टीव्हीवर इमारत उडताना बघितली. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, आमच्या गावात आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि एक तरुण गेला. तुमच्या त्या ०.०३ मध्ये तो कुठे बसतो ते मला सांगा. मी भांडायला म्हणून विचारत नाही.

समुद्राबद्दल बोलतो, कारण तेच मला कळतं. भट्टी गार करायला समुद्राचं पाणी आत घेणार आणि तापवून परत सोडणार. बांगडा, तारली ही अंगावरच्या पाण्याचा गारवा-ऊब ओळखणारी मासळी. माझे वडील पाण्यात हात घालून सांगतात आज जाळं टाकायचं की नाही. पाणी किती तापणार, किती लांबपर्यंत, कुठल्या महिन्यात, हे त्यांनी २०१० पासून विचारलंय. उत्तर मिळालं की 'मासळीवर परिणाम होणार नाही'. हे काय उत्तर झालं?

आणि कोळसा चांगला असं मी म्हणत नाही. समुद्र तसाही तापतोच आहे. आधी वादळं पलीकडच्या किनाऱ्याला जायची. निसर्ग २०२० ला आलं, तौक्ते २०२१ ला. तौक्तेच्या वेळी आमच्या होड्या दोन दिवस आधी वर ओढल्या तरी तीन फुटल्या. हा मार कोळशाच्या धुराचा आहे हे मला पटतं. म्हणजे कोळसा जाळला तरी आम्हीच, आणि अणुभट्टी आणली तरी आम्हीच.

मुळशीपार | मंगळवार, रात्री १०:३०

दर्यावर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो.

रातपाळी यांनी भिऱ्याच्या पाण्याला हुकमी पान म्हटलं. ते पाणी मुळशीचं. माझ्या पणजोबांचं घर त्या पाण्याखाली आहे. १९२१ ला सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला तो याच विजेसाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध. माणसं तुरुंगात गेली, धरण झालंच. त्याची वीज इतक्या वर्षांनंतरही मुंबईला मिळते, एक ग्रॅम धूर न होता. आजच्या आकड्यांनी मोजलं तर तो प्रकल्प उत्तमच म्हणावा लागेल. आमची आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन देवळाचा कळस दिसतो का बघायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांची वजाबाकी कशी करायची हे मला आजवर कळलेलं नाही.

खिडकीतून_चेंबूर | बुधवार, सकाळी ६:१५

रात्री झोप लागली नाही. तीन गोष्टी लिहिते.

रातपाळी, तुमच्यामुळे माझा अर्धा समज बदलला. अणुकेंद्र झालं की आमच्या इथली चिमणी आपोआप थांबेल असं मी मनात धरून चालले होते. आयलंडिंगबद्दल मला काही माहीत नव्हतं.

गुणाकार, तुमचं जैतापूरबद्दलचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण फ्रान्सचाच दुसरा दाखला बघा. १९७४ नंतर त्यांनी एकाच धर्तीच्या भट्ट्या ओळीने बांधल्या आणि पंधरा वर्षांत देशाची बहुतेक वीज अणूवर आणली. अवाढव्य नवं काही आणण्यापेक्षा, हात बसलेली भट्टी पुन्हा पुन्हा बांधली की वेळ वाचतो. आपली ७०० मेगावॉटची देशी भट्टी तशी होऊ शकते. गुजरातमधल्या काक्रापारला तिचे दोन संच २०२३ आणि २०२४ ला सुरू झाले. पहिल्याला खूप उशीर झाला हे खरं, बांधकाम २०१० चं होतं. सौर आणि अणू यांत निवड करा असं मला वाटत नाही. दिवस सूर्याने भागवावा. पण रातपाळी म्हणतात त्या मेमधल्या मध्यरात्रीसाठी मला कोळशापेक्षा तारापूर हवं, आणि हे मी माझ्या मुलाच्या पंपाकडे बघून म्हणते. कोळशाच्या केंद्रांनी धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढावा असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. अणुभट्टीने अशी सूट मागितली असती तर देश पेटला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

दर्यावर, तो तरुण ०.०३ मध्ये कुठेच बसत नाही. मी तो आकडा फार सहज लिहिला. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं पहिलं पाऊल मात्र मला मांडता येईल. ९,९०० मेगावॉट वीज करताना साधारण सतरा-अठरा हजार मेगावॉट उष्णता उरते, आणि जवळजवळ सगळी समुद्रात जाते. म्हणजे परिणाम होणार नाही असं म्हणताच येत नाही. किती आणि कुठवर, एवढाच प्रश्न राहतो. औष्णिक केंद्रांना सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नको असा नियम आहे. पण सात अंश ही तोंडाशीची मर्यादा. तिथून एक किलोमीटरवर काय, पाच किलोमीटरवर काय, ते प्रवाहावर आणि ऋतूवर अवलंबून असतं. तुमचे वडील बरोबर तेच विचारत होते.

सायंतारा | बुधवार, सकाळी ७:४०

मॅडम म्हणतात ते खरं आहे. आम्ही लोकांनी एक मोठी चूक केली. आत बिल्ल्यावरचा आकडा माणसागणिक लिहायचो आणि बाहेर आलो की 'काळजी नसावी' एवढंच सांगायचो. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली झालं ते सरकारी आदेशाने. त्याला कायद्याने स्वतंत्र करा असं कॅगने २०१२ च्या अहवालात बजावलं. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा ते लागलं होतं. मला आज वाटतं, ते आमच्याच भल्याचं होतं.

कुणी विचारलं नाही तरी कचऱ्याबद्दल थोडकं सांगतो, कारण तो विषय टाळला असं व्हायला नको. वापरलेल्या इंधनातून कामाचं काढून घेतल्यावर जे जहाल उरतं ते काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून ठेवतात. तारापूर, ट्रॉम्बे, कल्पाक्कमला ती सोय आहे. आकारमान थोडं असतं, पण सांभाळायचं मात्र शेकडो-हजारो वर्षं, आणि कायमची पुरायची जागा आपण अजून ठरवलेली नाही. कोळशाच्या राखेतही थोडं युरेनियम, थोरियम असतं. ती मात्र उघड्या तळ्यात पडून असते.

दर्यावर, तारापूरला समुद्राचं पाणी १९६९ पासून आत-बाहेर होतंय. इतक्या वर्षांच्या तापमानाच्या नोंदी कुठेतरी असणारच. त्या मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तारापूर केंद्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'परिणाम होतो का' असं विचारू नका, त्याला एका ओळीचं उत्तर मिळतं. पाणी सोडण्याच्या तोंडापाशी आणि तिथून ठरावीक अंतरांवर नोंदवलेलं तापमान, महिनावार, तक्त्यात द्या, असं मागा. आणि ऋतू सांगा.

खिडकीतून_चेंबूर | बुधवार, सकाळी ७:५५

मसुदा मी करते, रविवारी इथेच टाकते. काकांनी तपासावा. दर्यावर, कुठल्या महिन्यांचे आकडे हवेत ते वडिलांना विचारून ठेवाल का?

दर्यावर | बुधवार, रात्री ८:३०

फोन केला होता. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणाले. तेव्हा बांगडा किनाऱ्याला लागतो. पहाटेचं आणि दुपारचं वेगवेगळं मागा म्हणाले, आणि ओहोटीचं वेगळं.